औषधांच्या माहितीचे मराठी पुस्तक मेडिकलच्या काउंटरवर हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मिरजेत तपासणीसाठी येणारा पेशंट जतचा असो, आटपाडीचा असो की सीमेपलीकडच्या अथणी-विजापूरचा, परत जाताना त्याच्या पिशवीत चार-पाच प्रकारच्या गोळ्या असतात. कुठली सकाळी आणि कुठली जेवणानंतर, एवढे पाकिटावर रेघा मारून सांगितलेले असते. त्या गोळीने काय त्रास होऊ शकतो, तो किती जणांना होतो, कुठला त्रास दोन आठवड्यांत आपोआप जातो आणि कुठल्या त्रासात त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे मात्र त्याला कागदावर कुणी देत नाही. ही सगळी माहिती उपलब्ध आहे, पण ती इंग्रजीत, डॉक्टरांपुरती आणि बहुतेक वेळा औषधाच्या खोक्यातच राहते. ती मराठीत, मोठ्या अक्षरांत, संदर्भपुस्तकाच्या रूपाने प्रत्येक मेडिकलमध्ये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी, यासाठी हे पत्र.

दहा स्ट्रिपच्या खोक्यात घडी घातलेले माहितीपत्रक असते, तेही बहुधा एकच. पातळ कागद, भिंगाशिवाय न वाचता येणारा टाइप, आणि माथ्यावरच लिहिलेले की हे नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या वापरासाठी आहे. १९४५ च्या औषध नियमांतही माहितीपत्रक इंग्रजीत असावे असेच म्हटले आहे. पेशंट एक स्ट्रिप नेतो, कधी चारच गोळ्या कापून नेतो. खोके रिकामे झाले की पत्रकही त्याच्याबरोबर रद्दीत जाते. कापून दिलेल्या चार गोळ्यांवर तर पुष्कळदा औषधाचे पूर्ण नावसुद्धा उरत नाही. बॅच नंबर आणि मुदत स्ट्रिपच्या एका कडेला असते. ती कड दुकानात शेवटपर्यंत राखायची आणि सुट्या गोळ्यांच्या पाकिटावर नाव, ताकद, बॅच व मुदत पेनाने लिहायची, ही साधी शिस्त आहे. ती पाळली नाही तर उद्या अंगावर पुरळ उठले तरी कोणत्या गोळीने उठले हे कुणालाच सांगता येत नाही.

१ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला. तो स्कॅन केल्यावर औषधाचे मूळ नाव, ब्रँड, उत्पादकाचा पत्ता, बॅच, तयार केल्याची तारीख, मुदत आणि परवाना क्रमांक मिळतो. बनावट माल ओळखायला हे चांगलेच आहे. पण सक्तीच्या तपशिलांत दुष्परिणामांचा समावेश नाही. तो कोड उघडून मराठी माहिती मिळेल असा अनेकांचा समज आहे, म्हणून हे स्पष्ट केले.

देशाचा अधिकृत संदर्भग्रंथ आहे तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनची ‘नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया’. पहिली आवृत्ती १९६० ची, तिसरी १९७९ ची. त्यानंतर चौथी निघायला तीन दशके गेली. सहावी आवृत्ती २०२१ ची आहे. ब्रिटनची अशीच फॉर्म्युलरी वर्षातून दोनदा छापली जाते. आपल्याकडचा ग्रंथ उत्तम आहे, त्यात मात्रा, कुणाला देऊ नये, कुणाला जपून द्यावे, कशाबरोबर देऊ नये, हे सगळे औषधवार दिलेले आहे. पण तो डॉक्टर आणि फार्मासिस्टसाठीच लिहिलेला आहे. बाजारात ज्या ब्रँडसूची मिळतात त्यांचा खरा उपयोग कोणती कंपनी काय विकते आणि किंमत किती, हे पाहण्यापुरता. दुष्परिणामांना त्यांत एखादी ओळ मिळते, आणि त्या एका ओळीत ‘मळमळ’ आणि ‘यकृत निकामी होणे’ शेजारी-शेजारी बसतात.

खरी अडचण या शेजारी-शेजारी बसण्यातच आहे. किती जणांना होतो हे न सांगता दुष्परिणामांची यादी दिली तर वाचणारा एक तर घाबरून औषध बंद करतो, नाही तर सगळेच थोतांड समजून दुर्लक्ष करतो. यासाठी जगभर एक ठरलेली मोजपट्टी वापरतात. दहा जणांत एक किंवा त्याहून अधिक जणांना होणारा त्रास ‘अतिशय सामान्य’. शंभरात एक ते दहा जणांना होणारा ‘सामान्य’. हजारात एक ते दहा जणांना होणारा ‘क्वचित’. दहा हजारांत एक ते दहा जणांना होणारा ‘दुर्मीळ’, आणि त्याहूनही कमी असेल तर ‘अतिदुर्मीळ’. मराठी पुस्तकात हे पाच शब्द आकड्यांसह पहिल्याच पानावर असावेत आणि पुढे प्रत्येक औषधाखाली याच क्रमाने त्रास लिहावेत. आणखी एक गोष्ट वाचकाला सांगायला हवी. औषधाच्या चाचणीत नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकीही काही जणांना डोकेदुखी, मळमळ, थकवा जाणवतो. त्यामुळे यादीत डोकेदुखी आहे म्हणजे प्रत्येक डोकेदुखी गोळीमुळेच, असे धरता येत नाही.

एका औषधाचे पान कसे असावे, हे अ‍ॅम्लोडिपिनवरून पाहू. बीपीची ही गोळी घराघरांत आहे. तिने संध्याकाळकडे घोट्याशी सूज येते. ५ मिलिग्रॅमपेक्षा १० मिलिग्रॅमवर जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. ही सूज या गोळीमुळे आलेली असेल तर तिचा मूत्रपिंड बिघडण्याशी संबंध नसतो. पायाच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे पाणी आसपासच्या भागात झिरपते. त्यामुळे लघवी वाढवणाऱ्या गोळीने ती फारशी उतरत नाही. तरी अनेकदा घडते असे, की सूज पाहून दुसरीकडे लघवीची गोळी सुरू होते, तिने पोटॅशियम घसरते, पायात पेटके येतात आणि पेटक्यांसाठी तिसरी गोळी चालू होते. एका दुष्परिणामावर औषध, त्या औषधाच्या दुष्परिणामावर पुन्हा औषध. पानावर एवढेच लिहिले तर पुरे: ‘दोन्ही घोट्यांना सूज आली तर डॉक्टरांना दाखवा, मात्रा कमी करून किंवा दुसरी गोळी जोडून ती कमी होते, गोळी आपणहून बंद करू नका. एकाच पायाला सूज, दुखणे, लाली असेल किंवा सुजेबरोबर दम लागत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.’ हे शेवटचे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे. साधा दुष्परिणाम आणि वेगळाच गंभीर आजार यांतला फरक पेशंटला याच वाक्यातून कळतो.

एनालाप्रिल, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्यांचेही असेच. शंभरातल्या पाच-दहा जणांना, काही ठिकाणी त्याहून अधिक जणांना, कोरडा खोकला लागतो. तो पहिल्या आठवड्यात येतो किंवा काही महिन्यांनीही. कफ नाही, ताप नाही, घशात नुसती खवखव. खोकल्याच्या बाटल्या संपतात, छातीचा फोटो निघतो, थुंकी तपासली जाते. बीपीच्या गोळीचा विचार शेवटी होतो. गोळी बदलल्यावर बहुतेकांचा खोकला एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिनेही लागतात. लोसार्टन, टेल्मिसार्टन या बीपीच्याच दुसऱ्या गटात हा त्रास फारसा नाही. मात्र एनालाप्रिल-रामिप्रिलने ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर तो दुर्मीळ पण जिवावरचा प्रकार आहे. तिथे फोन करून विचारत बसायला वेळ नसतो. गरोदरपणात या दोन्ही गटांच्या गोळ्या चालत नाहीत, हे त्या पानावर ठळक हवे.

शुगरच्या मेटफॉर्मिनने सुरुवातीला जुलाब, मळमळ असे त्रास दहात एकाहून अधिक जणांना होतात, तोंडाला धातूसारखी चव त्याहून कमी जणांना येते. जेवणाबरोबर घेतली आणि कमी मात्रेपासून हळूहळू वाढवत नेली तर बहुतेकांचा त्रास जातो. हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारात कधी कधी गोळीचे रिकामे कवच शौचातून पडते आणि औषध लागूच पडत नाही असे वाटते. औषध शोषले गेलेले असते. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊन पायांना मुंग्या येतात आणि त्या शुगरच्याच समजल्या जातात. शुगरच्याच ग्लिमेपिराइडचा धोका निराळा. एकादशी, श्रावणी सोमवार किंवा रोजा धरून ही गोळी नेहमीप्रमाणे घेतली तर शुगर घसरते: घाम, थरथर, भूक, गोंधळल्यासारखे होणे. शुद्ध असेल तर साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. शुद्ध नसेल तर तोंडातून काहीही घालायचे नाही, थेट दवाखाना. उपवास करायचाच असेल तर मात्रेचे आधीच डॉक्टरांशी ठरवून घ्यायला हवे.

आपल्या जिल्ह्यासाठी एक पान मुद्दाम लिहायला हवे. एप्रिल-मेच्या उन्हात जत-आटपाडीकडे शेतात काम करणाऱ्या, बीपी आणि शुगर दोन्ही असलेल्या माणसाला जुलाब-उलट्या लागल्या, अंगातले पाणी कमी झाले, आणि अशा वेळी त्याने रामिप्रिलसारखी गोळी, लघवीची गोळी आणि वर अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक अशा तिन्ही घेतल्या, तर मूत्रपिंडावर एकदम ताण येतो. तिन्ही औषधे एरवी आपापल्या जागी ठीक, एकत्र आणि पाणी कमी असताना घातक. ऊसतोडीच्या हंगामातही अंगदुखीच्या गोळ्या रोज खाल्ल्या जातात आणि त्या चिठ्ठीविना मिळतात, हे लपून राहिलेले नाही. त्यांच्या स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. उलट्या-जुलाबाच्या दिवसांत मेटफॉर्मिन, लघवीची आणि बीपीची रामिप्रिलसारखी गोळी तात्पुरती थांबवायची का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे, असे त्या पानावर स्पष्ट असावे. कुठल्या गोळ्या, किती दिवस आणि पुन्हा केव्हा सुरू करायच्या, हे प्रत्येक पेशंटच्या कार्डावर डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवले तर आणखी बरे.

पॅरासिटामॉल निरुपद्रवी समजली जाते, म्हणून तिचा हिशेब मांडतो. निरोगी प्रौढाला २४ तासांत कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम. तापाची ६५० ची गोळी तीनदा घेतली: १९५०. सर्दीच्या गोळीत ५०० पॅरासिटामॉल असते, ती तीनदा: १५००. गुडघ्यासाठी अ‍ॅसिक्लोफेनॅकबरोबर ३२५ पॅरासिटामॉल असलेली गोळी दोनदा: ६५०. एकूण ४१००. तीन वेगळी नावे, तीन वेगळे रंग, आणि मर्यादा ओलांडली तरी घरात कुणाला पत्ता नाही. वजन कमी असलेल्यांना, यकृताचा आजार असलेल्यांना, नियमित दारू घेणाऱ्यांना मर्यादा याहूनही खाली. म्हणून पुस्तक ब्रँडच्या नावावर न रचता मूळ औषधाच्या नावावर रचायला हवे. ब्रँडच्या शेवटी एक अक्षर बदलले की आतले मिश्रण बदलते. सप्टेंबर २०१८ पासून बहुतेक औषधांच्या वेष्टनावर मूळ नाव ब्रँडपेक्षा दोन टाइप-साइझ मोठे छापायचा नियम आहे. तीन किंवा अधिक औषधांच्या मिश्रणांना मात्र तो लागू नाही. ‘टॅब्लेट्स आयपी’ या शब्दांच्या आधी जे नाव असते तेच पुस्तकात शोधायचे, एवढे शिकवले तरी अर्धे काम होते.

काही औषधांत दुष्परिणामापेक्षा घेण्याची चूकच जीव घेते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात, ताप येतो आणि माणूस दगावतो. पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ एवढे लिहून भागत नाही. वार लिहावा, ‘फक्त रविवारी’ असा. उलट काही औषधे अचानक थांबवणे धोक्याचे: बीपीच्या मेटोप्रोलॉल व क्लोनिडिन, फिट्सच्या गोळ्या, झोप-चिंतेसाठी दिली जाणारी क्लोनाझेपाम, आणि तीन आठवड्यांहून अधिक घेतलेली प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी. यांच्या पानावर वर चौकटीत ‘एकदम बंद करू नये’ असावे. टीबीच्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, लोहाच्या गोळीने शौच काळे होते. यांत काही बिघडत नाही. ते आधी सांगितले नाही म्हणून टीबीचा कोर्स सुटला तर मात्र बिघडते. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळी निकामी ठरते, हेही तिथेच लिहावे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियम-लोहापासून चार तास दूर ठेवायची. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक भरपूर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाही तर अन्ननलिकेला जखम होते.

पथ्याबद्दलही गैरसमज आहेत. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांवर जे फळ वर्ज्य आहे ते ग्रेपफ्रूट, पपनसासारखे लिंबूवर्गीय. तासगावच्या द्राक्षांचा त्याच्याशी काही संबंध नाही. आमटीतल्या हळदीने औषधांत बिघाड होत नाही. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत.

हे काम कुणी करावे? मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा औषधशास्त्र विभाग आणि जिल्ह्यातली फार्मसी महाविद्यालये यांनी मिळून करावे. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ३८४ औषधे आहेत. ती सगळी एका दमात घेऊ नयेत. आरोग्य केंद्रांतून आणि सिव्हिलमधून रोज जाणारी शंभरएक आधी घ्यावीत. एका औषधाला एकच पान, पाठपोट. अक्षर चौदा पॉइंटच्या खाली नको. पाने फाइलीत काढता-घालता येतील अशी, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ते केव्हा सुधारले त्याची तारीख. बांधीव पुस्तक करू नये, कारण औषधांची माहिती बदलते. २०१३ मध्ये शुगरच्या पायोग्लिटाझोनवर जूनमध्ये बंदी आली आणि पुढच्याच महिन्याच्या अखेरीस मूत्राशयाच्या कर्करोगाच्या इशाऱ्यासह ती उठली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मेफेनामिक अ‍ॅसिडबद्दल सावधगिरीची सूचना निघाली. पाळीच्या दुखण्यासाठी मुली सर्रास घेतात ती ही गोळी. पुरळ, ताप, सुजलेल्या गाठी आणि आतल्या अवयवांना इजा अशी गंभीर अ‍ॅलर्जी तिने क्वचित होते आणि लक्षणे औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनीही दिसू शकतात. म्हणजे गोळी घेतल्याचे विसरूनही गेल्यावर. असे पान दहा वर्षे जुन्या पुस्तकात सापडणार नाही.

छापण्याआधी प्रत्येक पान दहा सामान्य माणसांना, त्यांत सातवी-आठवी शिकलेलेही असावेत, वाचायला द्यावे आणि विचारावे: एक मात्रा चुकली तर काय कराल? कुठल्या त्रासात लगेच याल? उत्तर सापडत नसेल तर चूक वाचणाऱ्याची धरू नये, पान पुन्हा लिहावे. युरोपात माहितीपत्रकांची अशी वाचकचाचणी सक्तीची आहे. जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांसाठी हीच पाने कन्नडमध्येही काढावीत. दुकानात फार्मासिस्टने औषध देताना समजावून सांगणे हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत आहेच. हाताशी असे पान असेल तर गर्दीच्या वेळीही दोन मिनिटांत ते होते.

आणि त्या फाइलीशेजारी दुष्परिणाम कळवण्याच्या मराठी फॉर्मचा गठ्ठा ठेवावा. मेफेनामिक अ‍ॅसिडचा इशारा अशा नोंदींतूनच पुढे आला. दुष्परिणामांच्या नोंदी गोळा करणारा देशाचा औषधदक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि पेशंट किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतो. औषधामुळेच त्रास झाला हे सिद्ध करण्याची गरज नाही, नुसता संशय पुरतो. पेशंटचे नाव गुप्त राहते. टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी सकाळी ९ ते सायंकाळी ५.३०. फोन करताना चार गोष्टी हाताशी असाव्यात: पेशंटची आद्याक्षरे व वय, औषधाचे नाव, काय त्रास झाला, आणि कळवणारा कोण. त्यासोबत औषध केव्हा सुरू केले, त्रास केव्हा सुरू झाला, थांबवल्यावर गेला का, त्याच काळात आणखी कोणत्या गोळ्या किंवा काढे चालू होते, हे सांगता आले तर नोंद खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. बॅच नंबरही विचारतात, म्हणून त्रास होत असेल तोवर रिकामी स्ट्रिप फेकू नये.

आपला,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट,
मिरज, जि. सांगली